नऊ महिन्यांची निवड

धान्याच्या कोठारावर अडतीस वर्षं काटा सांभाळून ऑरिन स्टेनरुड त्र्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाला. केस्टर हे मोंटानातलं आठशे वस्तीचं गाव, आणि गावाभोवती नजर पोचेल तिथवर गहू. त्या गव्हाचा एकेक ट्रक ऑरिनच्या काट्यावरून गेलेला. दाणा दाताखाली फोडून तो आधी ओलावा सांगायचा, मग यंत्र लावायचा, आणि यंत्राचा आकडा दोनदा बघितल्याशिवाय पावती फाडायचा नाही. मागे रांग लागली, शेतकऱ्यांनी भोंगे वाजवले, तरी नाही. लोक वैतागायचे, पण त्याच्या आकड्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. ऑरिनला त्याचा अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी क्लीट बोडेन त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. क्लीट त्याचा शाळेपासूनचा मित्र. गावाच्या शाळेची बस त्यानं तीस वर्षं चालवली होती आणि त्याच उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधी, सोडून दिली होती. "पोरांचा कलकलाट पुरे झाला आता," एवढंच कारण त्यानं सांगितलं होतं, आणि ते कुणालाही पटण्यासारखं होतं.

"आता काय सबब सांगशील?" कॉफीचा कप पुढे ओढत क्लीटनं विचारलं. "सुगी नाही, काटा नाही. बायको तर तुला घराबाहेर काढायला टपलेलीच आहे."

"टपलेली कसली, दर रविवारी चर्चमध्ये तेच मागतेय," ओट्यापाशी उभी असलेली आर्डिस म्हणाली. ती ऑरिनची बायको. चार दिवसांत नवऱ्यानं तिची मसाल्यांची फळी तीनदा नव्यानं लावली होती.

प्रश्न नेमबाजीचा होता. गावाबाहेर खडीची एक जुनी खाण होती. तिथे क्लीटनं सव्वीस वर्षांपूर्वी पाचसहा जणांना जमवून दर रविवारी दुपारी नेमबाजी सुरू केली होती. जाड लोखंडी पत्र्यातून कापलेली जनावरं ओळीनं उभी करायची: कोंबड्या चाळीस यार्डांवर, डुकरं पन्नासवर, टर्की पंचाहत्तरवर आणि मेंढे शंभरावर. उभ्यानं, कशाचाही टेकू न घेता, लिव्हरच्या रायफलीनं ती पाडायची. चापाखालची कडी बोटांनी खाली ओढायची, वर आणायची, की रिकामं काडतूस उडून नवं आत बसतं. खाट-खुट, धडाम, आणि मग लांबून लोखंडाचा टणत्कार. मध्ये कॉफी, कुणाच्या तरी घरची राजम्याची झणझणीत उसळ आणि दालचिनीचे रोल. बक्षीस कसलं नाही. सव्वीस वर्षं क्लीट ऑरिनला बोलावत होता आणि सव्वीस वर्षं ऑरिन म्हणत होता, यंदा नाही जमत, पुढच्या वर्षी.

"येतो की," ऑरिन म्हणाला. "पण रायफल घ्यायला हवी."

"माझ्याकडे दोन आहेत. परवाच चल."

"उसनी नको. शिकायचं तर स्वतःच्या वस्तूवर शिकावं. नीट बघून घेतो एक."

क्लीट क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मान किंचित वाकडी करून, जणू ऑरिनच्या कानामागे काहीतरी दिसत होतं. मग म्हणाला, "बरं. उद्याच जाऊ रोवेनाकडे. चार दिवसांत काम उरकू."

रोवेना प्रूटचं दुकान मुख्य रस्त्यावर होतं. पुढच्या बाजूला खिळे, दोर, रंग; मागच्या भिंतीला बंदुका. नवरा वारल्यावर तिनं दुकान एकटीनं चालवलं, आणि रविवारी खाणीत लाल झेंडा हातात घेऊन शिस्तही तीच सांभाळायची. तिनं काउंटरवर घोंगडी पसरली आणि तीन रायफली मांडल्या.

पहिली आखूड, अंगानं बारीक, पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी. दुसरी मोठ्या तीस-तीस काडतुसाची, हरणाच्या शिकारीला इथे घराघरांत असते तशी. तिसरी अगदी छोट्या बावीसच्या काडतुसाची.

ऑरिननं पहिली उचलली. खांद्याला लावली. दस्ता गालाखाली असा बसला की त्याला मान हलवावी लागली नाही. डोळा उघडला तर नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मागच्या खाचेत आपसूक येऊन बसलेली. त्यानं कडी ओढली. लोण्यातून सुरी फिरावी तशी ती फिरली.

"हीच," क्लीट म्हणाला.

"हं," ऑरिन म्हणाला, आणि रायफल खाली ठेवली. "वजन किती हिचं?"

"अरे, गहू आहे का तो?" रोवेना म्हणाली.

"दिवसभर हातात धरायची तर वजन कळायला हवं."

रोवेनानं खिळे तोलायचा काटा पुढे ओढला. तिन्ही रायफली तोलल्या गेल्या. मग ऑरिननं नळीबद्दल विचारलं: गोल बरी की आठ बाजूंची? आठ बाजूंची पुढे जड असते, हात थरथरला तरी नेम कमी हलतो, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. रिकामं काडतूस वरून उडणारी बरी की बाजूनं? उद्या म्हातारपणी दुर्बीण बसवावी लागली तर बाजूनं उडणारीच हवी. तीस-तीसचा झटका त्याच्या उजव्या खांद्याला सोसेल का? धान्याच्या मालगाडीच्या डब्यांचे दरवाजे ओढून ओढून तो खांदा कामातून गेला होता. बावीसला झटका नाही, पण तिच्या गोळीनं शंभर यार्डांवरचा मेंढा नुसता हसेल, पडणार नाही.

"मेंढ्याचं सोड. आधी कोंबडी तर पाड," क्लीट म्हणाला.

"आठ बाजूंची मागवता येईल का?"

"येईल," रोवेना म्हणाली. "सहा आठवडे लागतील."

"मग ती बघूनच ठरवू."

खरं सांगायचं तर ऑरिनला पहिली उचलली त्याच क्षणी कळलं होतं. पण जे इतक्या सहज कळतं त्यावर विश्वास ठेवायची त्याला सवयच नव्हती. दाताखालचा दाणा काय सांगतो ते त्याला नेहमी आधी कळायचं. तरी यंत्र लावल्याशिवाय त्यानं कधी आकडा लिहिला नव्हता.

सप्टेंबरभर क्लीट दर शुक्रवारी फोन करायचा. "ठरलं?" एवढाच प्रश्न. "आठ बाजूंची अजून आली नाही," एवढंच उत्तर. ऑरिन रोज जेवणानंतर कॅटलॉग उघडून बसायचा. आर्डिसला आता आठ बाजूंच्या नळीचे फायदे पाठ झाले होते.

"लग्नाआधी माझीही अशीच चौकशी केली होतीस का रे?" तिनं एकदा विचारलं.

"दोन वर्षं."

"आठवतंय मला. आई म्हणायची, हा मुलगा येतो तरी कशाला, आपला सोफा बघायला?"

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात क्लीट स्वतः आला. उन्हं सोनेरी झाली होती, ओढ्याकाठच्या झाडांची पानं पिवळीधमक. वारा पडलेला, आणि तो या भागात वर्षातून चारदोनदाच पडतो.

"ऑरिन, हा रविवार शेवटचा चांगला," तो दारातूनच म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बर्फ आहे. चल माझ्याबरोबर. माझी घे, रोवेनाची घे, कुणाचीही घे. एकदा मेंढा पाडून बघ, मी मागे उभा राहतो."

"आठ बाजूंची गुरुवारी येतेय. वसंतात नव्या रायफलीनं सुरुवात करू की, नीट. घाई कसली आहे?"

क्लीट पायरीवर उभा राहिला. टोपी काढून त्यानं आतली पट्टी अंगठ्यानं चाचपली. "घाई काही नाही," तो म्हणाला, आणि गाडीकडे गेला. जाताना गाडीचं मागचं चाक आर्डिसच्या फुलांच्या वाफ्यातून गेलं. आर्डिस खिडकीतून ओरडली. क्लीटनं हात केला आणि निघून गेला. बस सोडल्यापासून याला गाडी चालवता येईनाशी झाली, असं म्हणून दोघं नवराबायको हसली.

आठ बाजूंची आली. सुरेख होती, पण पुढे फारच जड. ऑरिननं ती दोन मिनिटं खांद्याला धरून ठेवली आणि खांदा भरून आला. त्यानं परत केली. मग नाताळ. मग जानेवारीत बिलिंग्जला बंदुकांचं मोठं प्रदर्शन लागणार असल्याचं त्यानं वाचलं: तीनशे टेबलं, नव्या-जुन्या सगळ्या जाती एका छपराखाली. त्यानं उत्साहानं क्लीटला फोन केला.

"येतो," क्लीट म्हणाला. "पण गाडी तू काढ. माझ्या गाडीचा हीटर बिघडलाय."

बर्फातून अडीच तासांचा रस्ता. प्रदर्शनात ऑरिन हरखून गेला. तो एकेका टेबलापाशी थांबायचा, कडी ओढून बघायचा, दस्त्याची लांबी कोपरापासून बोटापर्यंत मापायचा, विकणाऱ्याला प्रश्नांनी बेजार करायचा. क्लीट त्याच्या मागून चालत होता. रायफली तो हातात घेत होता, पण नेम धरून बघत नव्हता. लाकडावरून नुसता तळवा फिरवायचा, कडी कानाजवळ नेऊन ओढायचा आणि ठेवून द्यायचा.

"चिठ्ठीवर काय लिहिलंय?" त्यानं एका टेबलापाशी विचारलं.

"परत चष्मा घरी?"

"हो ना. राहिला."

"डोकं राहिलं नाही हे नशीब," ऑरिन म्हणाला आणि चिठ्ठी वाचून दाखवली.

संध्याकाळी पाचला प्रदर्शन बंद झालं. ऑरिननं काही घेतलं नव्हतं. दोन रायफली त्याच्या मनात भरल्या होत्या, पण एकीचा चाप कडक होता आणि दुसरीच्या दस्त्याला केसाएवढी चीर होती. परतीच्या वाटेवर तो त्या दोन्हींबद्दल बोलत राहिला. मग, राउंडअप गाव मागे पडल्यावर, क्लीट म्हणाला, "तुला रायफल नकोच आहे."

"म्हणजे?"

"तुला निवडत बसायचंय. ते संपलं की तुला खाणीत यावं लागेल, दहा लोकांसमोर उभं राहून कोंबडी चुकवावी लागेल. त्याची भीती वाटते तुला."

ऑरिनला ते झोंबलं. खरं असल्यामुळे जास्तच. "चुकीची वस्तू घेऊन जन्मभर पस्तावणारा मी नव्हे," तो म्हणाला. "तुझं काय, बस चालवायची. कुणीही चालवतं. माझ्या हातून अडतीस वर्षांत एक आकडा चुकला नाही."

"नाही चुकला," क्लीट म्हणाला. "सगळ्या गावाला ठाऊक आहे ते."

क्लीटच्या घरापाशी गाडी थांबली तेव्हा व्हेल्डा, त्याची बायको, दिवा लावून दारात उभी होती. तिनं बर्फातून पुढे येऊन नवऱ्याचा दंड धरला. ऑरिनला वाटलं, निसरडं आहे म्हणून.

त्यानंतर शुक्रवारचा फोन आला नाही. ऑरिननंही केला नाही. फेब्रुवारीत कळलं की बोडेन नवराबायको हिवाळा काढायला स्पोकेनला लेकीकडे गेलीत. जाताना निरोपही दिला नाही. ऑरिन रुसला. आर्डिस म्हणाली, पत्र टाक. तो म्हणाला, त्यानं टाकावं. असे तीन महिने गेले.

मेच्या पहिल्या आठवड्यात बर्फ वितळून रस्ते कोरडे झाले आणि ऑरिन एका सकाळी उठला तो ठरवूनच. कॅटलॉग न उघडता तो थेट रोवेनाच्या दुकानात गेला.

"ती आखूड दे. पिस्तुलाच्या काडतुसाची."

रोवेनानं भिंतीवरून काढून दिली. "हिवाळ्यात हिच्या दोन बहिणी विकल्या, ही तिसरी," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये तू हीच पहिल्यांदा उचललीस ना? खांद्याला लावलीस तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं, सोयरीक जमली. मग तू वजन विचारलंस."

ऑरिन हसला. त्याला फार हलकं वाटत होतं. बोडेन मंडळी गेल्याच आठवड्यात परतल्याचं तिनंच सांगितलं, आणि रायफल तशीच गाडीत टाकून तो क्लीटकडे निघाला. वाटेत त्यानं काय बोलायचं ते ठरवलं: तू म्हणालास ते बरोबर होतं, आता चल, रविवारी माझी फजिती बघायला.

दार व्हेल्डानं उघडलं. "ये ऑरिन. तो मागच्या व्हरांड्यात आहे. जवळ गेलास की आवाज दे, म्हणजे त्याला कळेल कोण आलंय."

ऑरिन तिथेच थांबला. "म्हणजे काय?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. डोळ्याच्या आतल्या पडद्यात रक्त झिरपतं, मधलं सगळं पुसून जातं, फक्त कडेकडेचं राहतं. औषध नाही. गेल्या जुलैत डाव्यालाही सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने, फार तर आठ. त्या दिवशीच त्यानं बस सोडली. पोरं बसलेली असतात, म्हणाला. हिवाळ्यात स्पोकेनच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. आता समोर कुणी उभं राहिलं तर नुसती सावली कळते.

"कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं त्यानं," व्हेल्डा म्हणाली. "दवाखान्यातून येताना गाडीत मला काय म्हणाला माहितीय? म्हणाला, ऑरिन ऑगस्टमध्ये सुटतोय. एक शरद ऋतू मिळाला आम्हाला तरी पुरे."

ऑरिनच्या हातात कॉफीचा कप होता. तो त्यानं टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. वाकडी मान, वाफ्यातून गेलेलं चाक, चिठ्ठीवर काय लिहिलंय, सगळं एकदम त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं. गव्हाचा ओलावा दातानं ओळखणाऱ्या माणसाला पन्नास वर्षांपासूनचा मित्र आंधळा होताना दिसला नव्हता.

व्हरांड्यात क्लीट उन्हाकडे तोंड करून बसला होता. ऑरिननं आवाज दिला.

"तू होय," क्लीट म्हणाला. "पावलांवरून वाटलंच. कोठारात चालतोस तसाच चालतोस, उंदीर पकडायला निघाल्यासारखा."

"क्लीट, मी—"

"व्हेल्डानं सांगितलं?"

"हो."

"मग झालं तर," क्लीट म्हणाला. "कुठली घेतलीस?"

"तुला कसं कळलं घेतली म्हणून?"

"तेलाचा वास येतोय हाताला. कुठली?"

"तीच. पहिली."

क्लीट हसला नाही. त्यानं हात पुढे केला, बराच डावीकडे. ऑरिननं गाडीतून रायफल आणली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि त्या हातात दिली.

रविवारी ते दोघं खाणीत गेले. पश्चिमेचा वारा सुटला होता. आठदहा माणसं होती; त्यांनी क्लीटला बघितलं, गलका झाला, मग हळूहळू सगळ्यांना उमगलं आणि गलका थांबला. क्लीटच म्हणाला, "अरे मेलो नाही अजून. उसळ कुणी आणलीय?" तेव्हा कुठे लोक पुन्हा बोलू लागले.

ऑरिन उभा राहिला. मागे घडीच्या खुर्चीत क्लीट. पहिली गोळी गेली, कोंबडी जागची हलली नाही.

"माती," क्लीट मागून म्हणाला. "खाली गेली. चाप ओढताना खांदा पाडतोयस."

"तुला काय माहीत?"

"सव्वीस वर्षं ऐकतोय. मातीचा आवाज वेगळा, दगडाचा वेगळा. पुढची मार."

दुसरी दगडावर. तिसरी पुन्हा मातीत. चौथीला टण्ण आवाज आला, कोंबडी उलटी पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑरिनच्या छातीत काहीतरी उसळलं, अगदी पोरकट. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं की हे गेल्या सप्टेंबरमध्ये झालं असतं तर मागे बसलेल्या माणसाला ती कोंबडी पडताना दिसली असती. पुढच्या दोन त्यानं चुकवल्या.

वीस गोळ्यांत तीन कोंबड्या आणि एक डुक्कर. टर्की आणि मेंढे जसेच्या तसे उभे. क्लीट म्हणाला, "माझी पहिली खेप याहून वाईट होती," आणि मग, "बघू जरा इकडे."

ऑरिननं रायफल दिली. क्लीट उठला. त्याला ती जागा पायांना ठाऊक होती. तो रेषेपर्यंत बरोबर चालत गेला आणि रायफल खांद्याला लावली. बोलणं थांबलं. रोवेना झेंडा हातात धरून उभी होती. तिनं ऑरिनकडे पाहिलं. ऑरिन क्लीटच्या कानाशी गेला.

"मी सांगतो," तो कुजबुजला. "आज मी तुझे डोळे. किंचित उजवीकडे. अजून थोडी. आता वर. एक काडतूस घालतो, एकच."

क्लीट बराच वेळ तसाच उभा राहिला. नळी वाऱ्यात जराही हलत नव्हती. मग त्यानं ती खाली केली.

"नको," तो म्हणाला. "पाटी मीच रंगवलीय."

खाणीच्या तोंडाशी एक लाकडी पाटी होती. जे स्वतःला नीट दिसत नाही त्यावर बार टाकायचा नाही, असं तिच्यावर क्लीटच्या हातचं, वाकड्या लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यानं कडी एकदा खाली ओढली, वर आणली, तिचा आवाज ऐकला आणि रायफल ऑरिनला परत दिली.

परतताना गाडीत ऑरिन म्हणाला, "मला सांगायचं होतंस, क्लीट. एका शब्दानं सांगायचं होतंस. दुसऱ्याच दिवशी आलो असतो."

"माहीत होतं मला. म्हणूनच नाही सांगितलं."

"का?"

"कीव करून आला असतास. सव्वीस वर्षं बोलावलं ते काय कीव करून घ्यायला? तुला यावंसं वाटेल तेव्हा यायला हवा होतास."

"यावंसं वाटत होतं."

"हो. पण त्याहून जास्त तुला आठ बाजूंची नळी बघावीशी वाटत होती."

ऑरिननं गाडी कडेला घेतली. गव्हाचं हिरवं रान दोन्ही बाजूंनी वाऱ्यानं लोळत होतं.

"मला राग आला होता," क्लीट म्हणाला. "अजूनही आहे थोडा. उगाच नाही म्हणणार नाही. बिलिंग्जहून येताना तर वाटलं होतं की तुला त्याच बर्फात उतरवावं. पण गाडी तुझी होती." तो थांबला. "मीही गाढवच. शुक्रवारी फोन करून 'ठरलं?' विचारत बसायचो. पहिल्याच दिवशी रोवेनाच्या काउंटरवरून ती उचलून तुझ्या गाडीत टाकायला हवी होती."

"माफ कर," ऑरिन म्हणाला.

"हं. चल आता, व्हेल्डा वाट बघत असेल."

त्या उन्हाळ्यात ते आठ रविवार खाणीत गेले. ऑरिन मोजून होता. जुलैच्या अखेरीला क्लीट म्हणाला, बसून बसून पाठ धरते, तू जा. मग कळलं की घर विकायला काढलंय; लेकीजवळ राहिलं तर व्हेल्डाला मदत होईल. ऑगस्टच्या मध्याला सामानाचा ट्रक आला. ऑरिननं दिवसभर खोकी उचलली, दुखऱ्या खांद्यानं. निघताना क्लीटनं चाचपत त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आर्डिस आणि व्हेल्डा रडल्या. पुरुषांनी हवेबद्दल बोलून घेतलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी खाणीत वारा पडलेला होता. ऑरिननं चार कोंबड्या पाडल्या, तीन डुकरं, दोन टर्की. मग शंभर यार्डांवरच्या पहिल्या मेंढ्यावर त्यानं माशी धरली, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. आवाज यायला क्षणभर लागला. मग तो आला, घंटेसारखा, आणि तो जड लोखंडी मेंढा सावकाश मागे कलला आणि धुळीत पडला. त्याचा पहिला मेंढा. रोवेनानं शिट्टी वाजवली, कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं.

ऑरिननं रायफल खाली केली. मागे वळून बघायचं त्यानं टाळलं. मागे कोण कोण उभं आहे ते त्याला माहीत होतं, आणि कोण नाही तेही. मेंढा पडताना कसा दिसला हे स्पोकेनला फोन करून सांगता आलं असतं. पण काय सांगायचं, की हे तुला गेल्या वर्षी दिसलं असतं?

"ऑरिन, अजून चार आहेत," रोवेना म्हणाली. "मागचे लोक थांबलेत."

"हो," तो म्हणाला, आणि कडी ओढली.